ब्रिजमधला स्क्वीझ : बाराव्या हातासाठी

2018च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताला ब्रिजमध्ये एक सुवर्ण आणि दोन कांस्यपदकं मिळाली. पुरुषांच्या कांस्यविजेत्या संघात मुंबईचे जॅगी शिवदासानी होते. तरी आपल्याकडे पत्ते म्हणजे रमी नाहीतर मेंढीकोट! म्हणून आज ब्रिजमधल्या सर्वांत देखण्या डावपेचाबद्दल, म्हणजे स्क्वीझबद्दल : प्रतिस्पर्ध्याला कामाचं पान टाकायला भाग पाडणं.

समजा, तुम्ही बिनहुकमी सहा बोललात. बारा हात हवेत, हक्काचे अकराच आहेत. जो हात जाणारच आहे, तो आधीच देऊन टाका. नवशिके नेमके इथेच कचरतात. पण तो दिला नाही, तर प्रतिस्पर्ध्याकडे फेकायला एक फालतू पान उरतं आणि स्क्वीझ फसतो.

आता शेवटची तीन पानं. डमीत (तुमच्या जोडीदाराच्या उघड्या पानांत) इस्पिकचे एक्का-गुलाम आणि बदाम राजा. तुमच्याकडे किलवरचं जिंकणारं पान, इस्पिक तिर्री, बदाम चौका. डावीकडच्याकडे इस्पिकचे राजा-राणी आणि बदाम एक्का. तुम्ही किलवर खेळा. त्याने बदाम एक्का टाकला, तर डमीतून इस्पिक गुलाम टाका. बदाम राजा मोठा झाला. त्याने इस्पिक टाकलं, तर डमीतला बदाम राजा सोडा. एक्क्याखाली उरलेलं मोठं इस्पिक पडतं आणि गुलाम चालतो. तिन्ही हात तुमचे!

हीच पानं उजवीकडे असती, तर डमीला त्याच्याआधी पान टाकावं लागलं असतं आणि सुटका त्याची झाली असती.

आज रात्री ही पानं मांडून दोन्ही बाजूंनी खेळून बघाच.