दुर्बीण : निवड, सुधारणा आणि निगा

पटी नकोत, व्यास विचारा

दुर्बिणीच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा बहुधा पटींचा असतो : 525 पट, 675 पट. खोक्यात निघतं 60 मिलिमीटर व्यासाचं भिंग आणि बारीक पायांचा डुगडुगणारा ट्रायपॉड. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या, म्हणजे डोळ्याशी असणाऱ्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागलं की पट मिळते. त्यामुळे आखूड आयपीस जोडला की आकडा हवा तेवढा वाढतो, पण चित्र अंधारतं आणि पसरतं. व्यासाच्या दर मिलिमीटरला दोन पट ही उपयोगी वर्धनाची कमाल मर्यादा धरतात. म्हणजे 60 मिलिमीटरला 120 पट. मोठी दुर्बीण असली तरी हवेच्या थरथरीमुळे 200-250 पटींपलीकडे जाता येईल अशा रात्री थोड्याच मिळतात.

दुर्बिणीचं मुख्य काम प्रकाश गोळा करणं, आणि तो व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. काळोखात डोळ्याची बाहुली फार तर 7 मिलिमीटर उघडते. त्या हिशेबाने 70 मिलिमीटरचं भिंग डोळ्याच्या 100 पट प्रकाश घेतं, 150 मिलिमीटरचा आरसा साडेचारशे पट आणि 200 मिलिमीटरचा आठशे पट. सप्तर्षींतला वसिष्ठ स्वतःच जोडतारा आहे. ते दोन तारे छोट्या दुर्बिणीतही सुटे होतात, तिथे व्यासाचं अडत नाही. पण नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी घ्या. लंडनच्या क्षितिजावर हा तारकागुच्छ कधी उगवतच नाही. पुण्यातून तो एप्रिल-मे महिन्यांत दक्षिणेला सुमारे 24 अंशांपर्यंत चढतो. 60 मिलिमीटरमध्ये तो धुरकट ठिपका असतो, 150 मिलिमीटरमध्ये त्याच धुक्यातून तारे वेगळे दिसू लागतात. आपल्या अक्षांशाने दिलेली ही देणगी घ्यायची तर व्यासावर खर्च करावा.

पहिली दुर्बीण कोणती?

माझं मत स्पष्ट आहे : 6 इंच म्हणजे 150 मिलिमीटर आरशाची, 1200 मिलिमीटर नाभीय अंतराची डॉब्सोनियन. ठेवायला जागा आणि उचलायला अंगात बळ असेल तर 8 इंची. 6 इंची बैठकीसकट 15-16 किलो भरते आणि दोन फेऱ्यांत गच्चीवर नेता येते. 8 इंची विशीच्या पुढे जाते, आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत हा फरक जाणवतो.

डॉब्सोनियन हे नाव जॉन डॉब्सन यांच्यावरून पडलं. 1915 साली बीजिंगमध्ये जन्मलेले डॉब्सन 1944 पासून 1967 पर्यंत अमेरिकेत वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यासी होते. जहाजाच्या खिडकीची टाकाऊ काच घासून आरसा करायचा, पुठ्ठ्याच्या जाड नळीत बसवायचा, प्लायवुडच्या पेटीवर ठेवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र-शनी दाखवायचे, हे त्यांचं काम. 1968 साली त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत फुटपाथवरून आकाश दाखवणाऱ्यांची संघटना उभी केली. त्यांच्या बैठकीत गिअर नाहीत, मोटार नाही. सनमायक्यावर टेफ्लॉनचे तुकडे सरकतात आणि हाताने ढकललेली नळी सोडली तिथे थांबते. वाचलेला पैसा आरशात जातो.

फ्लॅटच्या बाल्कनीतूनच पाहायचं असेल तर 80-90 मिलिमीटरची भिंगाची दुर्बीण बरी. ती लवकर तयार होते आणि चंद्र, ग्रह, जोडतारे छान दाखवते. बजेट अगदीच कमी असेल तर 10 बाय 50 ची चांगली द्विनेत्री घ्यावी, तेवढ्या पैशांत मिळणाऱ्या दुर्बिणीपेक्षा ती कितीतरी जास्त दाखवते.

एक सापळा मात्र ओळखून ठेवा. नळी जेमतेम दीड फुटाची, आरसा 114 किंवा 127 मिलिमीटरचा आणि नाभीय अंतर 1000 मिलिमीटर असं लिहिलेलं असेल, तर आरसा बहुधा गोलीय असतो आणि त्याची उणीव भरून काढायला फोकसरमध्ये, म्हणजे आयपीस धरून पुढेमागे सरकवणाऱ्या भागात, एक भिंग बसवलेलं असतं. स्वस्त मालात हे भिंग बेताचं असतं, शिवाय पुढे सांगितलेलं कोलिमेशन त्याच्यामुळे फार किचकट होतं. अशी दुर्बीण टाळावी.

इक्वेटोरियल बैठक आणि आपला अक्षांश

इक्वेटोरियल बैठकीचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा असतो. ध्रुवतारा क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतक्याच उंचीवर असतो : मुंबईत 19 अंश, नागपुरात 21, पणजीत साडेपंधरा. या बैठकी मुख्यतः 35 ते 55 अंशांवरच्या देशांसाठी घडवलेल्या असतात. अक्ष एवढा खाली झुकवला की काही बैठकींचा स्क्रू टेकतो, काहींच्या वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडतो. घेण्याआधी आपला अक्षांश लावून बैठक फिरवून दाखवा, असा आग्रहच धरावा. दक्षिणमुखी बाल्कनीतून तर ध्रुव दिसतच नाही. फोटोग्राफी करायची नसेल तर या बैठकीच्या वाटेला जाऊ नये.

आयपीस आणि फाइंडर

सोबत मिळणारे 25 आणि 10 मिलिमीटरचे दोन आयपीस पहिल्या वर्षाला पुरतात. 1200 मिलिमीटरच्या दुर्बिणीवर ते 48 आणि 120 पट देतात. पहिली भर 32 मिलिमीटरच्या प्लॉसल प्रकारच्या आयपीसची घालावी. त्यात सुमारे सव्वा अंश आकाश मावतं, म्हणजे कृत्तिकेचा गाभा एका नजरेत येतो. त्यानंतर आयपीसच्या आधी जोडायचं, पट दुप्पट करणारं चांगलं बार्लो भिंग. प्रत्येक आयपीसची पट त्यामुळे दुप्पट होते, हे लक्षात घेऊनच पुढचे आयपीस निवडावेत. चष्मा असणाऱ्यांनी आखूड प्लॉसल घेऊ नयेत. 6 मिलिमीटरच्या प्लॉसलला डोळा जवळजवळ चिकटवावा लागतो. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर चष्मा काढता येत नाही. त्यांनी डोळ्यासाठी 15 मिलिमीटर किंवा अधिक अंतर देणारा आयपीस शोधावा.

शहरात फाइंडर, म्हणजे नेम धरायला नळीवर बसवलेलं साधन, हीच मोठी अडचण असते. लाल ठिपक्याचा फाइंडर काळोख्या गावी उत्तम, पण ठाण्या-पुण्याच्या आकाशात ठिपका ज्याच्यावर ठेवायचा तो ताराच दिसत नाही. तिथे 9 बाय 50 चा, काटकोनात पाहता येणारा फाइंडर मान वाचवतो आणि डोळ्याला न दिसणारे तारेही दाखवतो.

घरच्या घरी करता येणाऱ्या सुधारणा

सर्वांत स्वस्त सुधारणा कपडे वाळत घालायच्या चिमट्याची. फोकसरच्या गोल खुंटीला चिमटा लावा आणि त्याच्या टोकाने खुंटी फिरवा. तरफ लांब झाल्यामुळे फोकस केसभर सरकवता येतो, 120 पटींवर गुरू पाहताना हा फरक लगेच कळतो.

फोकसरच्या समोरच्या बाजूला नळीच्या आतून काळं मखमली कापड चिकटवावं. रस्त्यावरच्या दिव्यांचा आडवा प्रकाश तिथूनच उसळून आयपीसमध्ये शिरतो. योगासनांच्या जुन्या मॅटची नळी करून तोंडाशी लावली तर हाच प्रकाश अडतो आणि दवही कमी पडतं. बैठक अडखळत फिरत असेल तर टेफ्लॉनचे तुकडे आणि सनमायका पुसून कोरडे करा. तेल घालू नका, त्याला धूळ चिकटते. ट्रायपॉड हलत असेल तर पाय आखूड करून मधल्या तबकडीला पाण्याचा कॅन टांगा.

डॉब्सोनियनची बैठक आता बहुधा भुशाच्या दाबलेल्या फळीची असते. तिच्या उघड्या कडा दव आणि पावसाळी दमट हवा पितात, फुगतात आणि स्क्रू सैल होतात. नवी दुर्बीण जोडण्याआधीच सगळ्या कडांना आणि स्क्रूच्या भोकांना वॉर्निशचे दोन हात द्यावेत. परदेशी माहितीपुस्तिकांत हे सहसा नसतं, पण कोकणात राहणाऱ्याने हे काम पहिल्या दिवशी करावं.

इलेक्ट्रॉनिक हौस असेल तर सुताराचा चुंबकी डिजिटल कोनमापक नळीवर चिकटवा. मोबाइलवरच्या नकाशात एखाद्या तेजोमेघाची त्या क्षणाची उंची पाहायची, नळी तेवढ्या अंशावर ठेवायची आणि डावी-उजवीकडे फिरवत शोधायचं.

कोलिमेशन

आरशाच्या दुर्बिणीबद्दलच्या तक्रारींचं मूळ पुष्कळदा इथे असतं. मोठा आरसा, छोटा तिरपा आरसा आणि फोकसर एका रेषेत नसतील तर शनीची कडी कधीच धारदार दिसत नाहीत, आणि दोष आरशाच्या माथी मारला जातो. खडबडीत रस्त्यावरून गाडीतून गेलेली दुर्बीण प्रत्येक वेळी तपासावी.

साधन साधं आहे. फोकसरमध्ये घट्ट बसणारं झाकण घ्या आणि त्याच्या बरोबर मधोमध दोन मिलिमीटरचं भोक पाडा. त्यातून पाहा. आधी छोटा आरसा फोकसरखाली मधोमध आणि गोल दिसायला हवा. मग त्याचे तीन स्क्रू फिरवून मोठ्या आरशावरची मध्यखूण मधोमध आणा. शेवटी नळीच्या तळाचे स्क्रू फिरवून झाकणाच्या भोकाचं प्रतिबिंब त्या खुणेच्या कडीत बसवा. मध्यखुणेने चित्र बिघडत नाही, ती छोट्या आरशाच्या सावलीत असते.

छोट्या आरशाचे स्क्रू फिरवताना नळी आडवी ठेवा. उभ्या नळीत हातातून निसटलेली ॲलन की थेट मोठ्या आरशावर पडते. लेझर कोलिमेटर घेतलात तर आधी तो फोकसरमध्ये गोल फिरवून पाहा. आरशावर ठिपका वर्तुळ काढत असेल तर लेझरच तिरका आहे.

शेवटची परीक्षा ताऱ्याची. जास्त पटीत तारा थोडा फोकसबाहेर न्या. त्याच्याभोवतीची वलयं समकेंद्री दिसली म्हणजे जमलं. ध्रुवतारा सरकत नाही म्हणून सोयीचा, पण आपल्याकडे तो खाली असल्याने हवेत लुकलुकतो. हवा शांत नसेल तर डोक्यावरचा तारा घ्या. 6 इंची आरसा घरातून बाहेर काढल्यावर निवायला अर्धा-पाऊण तास लागतो, त्याआधी ही परीक्षा करू नये. सिमेंटची गच्चीही दिवसाची उष्णता रात्री बराच वेळ सोडत राहते. अंगण किंवा गवत मिळालं तर तिथेच बसावं.

पावसाळा आणि बुरशी

जूनपासून चार महिने आपल्या दुर्बिणी पडून असतात आणि याच काळात त्या सर्वांत जास्त बिघडतात. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की भिंगावर बुरशी धरते. तिच्यातून पाझरणारी आम्लं काचेवरचा लेप कोरतात, आणि तो व्रण पुसून जात नाही.

आयपीस, बार्लो आणि फाइंडर हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावेत. फोमच्या सुंदर पेट्या प्रवासापुरत्या, पावसाळ्यात फोम ओल धरून ठेवतो. डब्यात छोटा आर्द्रतामापक टाकावा आणि आकडा 45-50 च्या आसपास ठेवावा. सिलिका जेलने रंग बदलला की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर तापवून ते पुन्हा वापरता येतं. नळी डब्यात मावत नाही. तिला प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत ओल कोंडते. सुती चादर टाका, भिंतीपासून दूर आडवी ठेवा आणि उघडीप मिळेल त्या दिवशी झाकणं काढून वारा लागू द्या. दव पडलेलं भिंग कधीही पुसू नये. घरात आणून उघडंच वाळवावं आणि मगच झाकण लावावं.

आरसा धुणं

टॉर्चच्या प्रकाशात कोणताही आरसा भयंकर दिसतो, त्यावर जाऊ नये. थोड्या धुळीने चित्रात काही फरक पडत नाही, घासण्याने मात्र कायमचे ओरखडे पडतात. ॲल्युमिनिअमचा तो थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो. वर्षा-दोन वर्षांनी खरंच धुवायचा झाला तर आरशाची दिशा पेनने खूण करून बाहेर काढा आणि आधी वाहत्या पाण्याखाली धूळ जाऊ द्या. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून आरसा भिजवा. औषधाच्या दुकानातला कापूस ओला करून तो स्वतःच्या वजनानेच आरशावरून ओढा, बोट दाबू नका. दरवेळी नवा बोळा. शेवटी डिस्टिल्ड वॉटरने खळबळा, बॅटरीत घालतात ते चालतं. बोअरच्या पाण्याचे डाग राहतात. आरसा तिरपा उभा करून वाळू द्या.

सूर्य

सूर्यासाठी फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावरच हवा, संपूर्ण व्यास झाकणारा आणि पक्का बसवलेला. आयपीसला लावायचा काळा फिल्टर मिळाला तर फेकून द्या. एकवटलेल्या उष्णतेने तो तडकतो आणि डोळा क्षणात जातो. ग्रहणाचे चष्मे दुर्बिणीसोबत वापरू नयेत. फाइंडर काढून ठेवावा आणि दुर्बिणीजवळ मुलांना एकटं सोडू नये.

खरेदीआधी

पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे. मुंबईचं खगोल मंडळ आणि कल्याणचं आकाश मित्र मंडळही आकाशदर्शनं घेतात. हिवाळ्यात त्यांपैकी एकाला जा. तिथल्या वेगवेगळ्या दुर्बिणींतून एकच तारकागुच्छ पाहा, मालकांना पावसाळ्यात काय करता ते विचारा, आणि परवानगी घेऊन 8 इंची नळी स्वतः उचलून पाहा. पैसे त्यानंतर मोजा.