कीर्तनात प्रश्न कसा उलगडतो

कंग्राळीसारख्या बेळगाव परिसरातल्या मराठी गावांत ज्ञानेश्वरी पारायणाचा सप्ताह म्हणजे पहाटे काकडआरती, मग पारायण, प्रवचन, हरिपाठ, रात्री कीर्तन आणि जागर. सात दिवसांत १८ अध्याय वाचून होतात. तत्त्वज्ञान माणसामाणसांतल्या बोलण्यातून कसं घडतं, ते इथे नीट पाहता येतं.

आधी प्रश्न. समोर आप्तच उभे पाहून अर्जुनाचे हातपाय गळाले आणि त्या पेचातून गीतेचे ७०० श्लोक आले. इसवी सन १२९० मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरांनी तो संवाद सुमारे ९,००० ओव्यांत मराठीत मांडला, तोही समोरच्या श्रोत्यांशी बोलत. आपल्याकडेही असंच होतं. घरातलं माणूस गेलं, हाताशी आलेलं पीक गेलं, की ‘असं का?’ हे कुणाला तरी विचारावंसं वाटतं.

रात्रीच्या कीर्तनात या प्रश्नाला वाट मिळते. बुवा संतांचा एक अभंग निरूपणाला घेतात. आधी तो गायचा, मग एकेक चरण सोडवायचा. श्रोत्याच्या मनातली शंका बुवा स्वतःच काढतात, दृष्टान्त देतात, दुसऱ्या संतांचं प्रमाण देतात. मग टाळकरी तोच चरण पुन्हा उचलतात. शब्द तेच, चालही तीच. पण मधल्या निरूपणाने ऐकणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ वाढलेला असतो. मृदंगाच्या त्या दोन-चार आवर्तनांत विचार मुरायला सवड मिळते.

या मुलखात ही रीत एका भाषेपुरती नाही. बाराव्या शतकात कल्याणला (आजच्या बसवकल्याणला) बसवण्णांच्या अनुभवमंटप या चर्चासभेत शरण म्हणवणारे त्यांचे सहकारी कन्नड वचनांतून हेच प्रश्न सोडवत होते. जमखंडीत जन्मलेले गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७) यांनी उपनिषदांवर लिहिलं, तसंच मराठी, हिंदी आणि कन्नड संतांवरही स्वतंत्र ग्रंथ लिहिले. बेळगावच्या हिंदवाडीत त्यांच्या नावाचं मंदिर आहे.

आपल्या या सीमाभागात भाषेचा हक्क शाळेत आणि कचेरीत मागावा लागतो, आणि तो मागायलाच हवा. पण मरण, कर्तव्य, देव यांबद्दलची शंका माणूस ज्या भाषेत बोलून दाखवतो, ती भाषा त्याच्या विचाराचीच होते. म्हणून सप्ताहाला मुलांना घेऊन जा आणि घरी येताना त्यांना काय पटलं नाही, ते विचारा.