केनी बट्रीचा उजवा हात

गायक-गीतकार बॉब डिलन किंवा नील यंग ज्यांनी ऐकलाय, त्यांनी केनी बट्रीचा ड्रम ऐकलाच आहे, भले नाव ठाऊक नसेल. १९४५ साली नॅशव्हिलमध्ये, कंट्री संगीताच्या राजधानीतच, जन्मलेला हा स्टुडिओ-वादक. सकाळी कंट्री, संध्याकाळी रॉक, ज्याचं बोलावणं येईल त्याच्यासाठी वाजवायचं.

१९६६ मध्ये डिलन ‘ब्लाँड ऑन ब्लाँड’ या अल्बमसाठी नॅशव्हिलला आला. एका रात्री तो स्टुडिओतच गाणं लिहीत बसला आणि वादक तासन्‌तास पत्ते कुटत राहिले. पहाटे कधीतरी रेकॉर्डिंग सुरू झालं. या मंडळींना तीनेक मिनिटांच्या गाण्यांची सवय. ध्रुवपद आलं की आता संपलं, असं समजून बट्री जोर चढवायचा, आणि डिलन खुशाल पुढचं कडवं धरायचा! गाणं अकरा मिनिटांच्या वर गेलं. ‘सॅड आइड लेडी ऑफ द लोलँड्स’मधली ती भरती-ओहोटी आजही स्पष्ट ऐकू येते.

पुढच्याच वर्षी डिलनचा ‘जॉन वेस्ली हार्डिंग’ हा अल्बम आला. त्यातल्या बहुतेक गाण्यांत डिलन, बेस गिटारवादक आणि बट्री, एवढेच तिघं. लोकगीतासारखा साधा बाज.

मला सगळ्यात थक्क करतात ती १९७१ ची नील यंगच्या ‘हार्वेस्ट’ अल्बमची रेकॉर्डिंग्ज. ड्रमरचा उजवा हात सहसा हाय-हॅटच्या झांजांवर एकसारखी बारीक लय धरून असतो. डावा हात स्नेअर ड्रमवर, पाय बेस ड्रमवर. यंगला ती झांजच नको होती. मग बट्री उजवा हात मांडीखाली दाबून बसला आणि उरलेल्या हातापायांनी वाजवत राहिला. झांजेची भर निघून गेली की दोन ठोक्यांमधली जागा मोकळी होते आणि गिटारची तार, गायकाचा श्वास, सगळं पुढे येतं. काही न वाजवण्यासाठी केवढी जाण लागते!

त्याआधीची, डिलनच्या १९६९ च्या ‘ले लेडी ले’ या गाण्याची कथा बट्रीनेच सांगितली आहे. काय वाजवू, असं विचारल्यावर डिलन म्हणाला बोंगो (हाताने वाजवायचे छोटे जोडढोल), निर्माता बॉब जॉन्स्टन म्हणाला काऊबेल (गाईच्या गळ्यातल्या घंटेसारखं वाद्य). ही कल्पना किती वाईट आहे ते दाखवून द्यायचं म्हणून बट्रीने दोन्ही वाद्यं एकत्र घेतली. ती धरून उभा राहिला स्टुडिओत झाडलोट करणारा क्रिस क्रिस्टोफरसन, पुढे स्वतःच मोठा गीतकार झालेला. वाजवून पाहिलं, तर ते गाण्याला असं चपखल बसलं की तसंच ठेवलं गेलं. पुढे बट्री स्वतःच्या उत्तम कामांत त्याची गणना करायचा.