आर्णीच्या उन्हाळ्यात हेजहॉगचं घर

मंडळी, आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे अंगावर काटे दिसले की सगळ्यांनाच सायाळ म्हणतात. सायाळ म्हणजे साळिंदर, उंदीर-खारीच्या गोतातला कुरतडणारा प्राणी, वजनाला १० किलोच्या वर. आज ज्याच्याविषयी बोलायचंय तो आफ्रिकी बुटका हेजहॉग ओंजळीत मावतो. ३०० ते ६०० ग्रॅम भरतो, किडे खातो आणि त्याचे काटे सुटून अंगात रुतत नाहीत. भारतातही हेजहॉग आहेत, राजस्थान-गुजरातच्या कोरड्या मुलखात आणि तिकडे तामिळनाडूत. पण ते काय आणि आपली सायाळ काय, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांना संरक्षण आहे. धरून घरात ठेवणं गुन्हा. पुण्या-मुंबईच्या दुकानांत मिळतो तो आफ्रिकी. तो घेतानाही जन्म कुठला, पावती देता का, हे विचारायचं. विकणारा चाचरला तर तिथूनच परत फिरायचं.

आता घराकडे वळू. या प्राण्यावरची बहुतेक माहिती इंग्लंड-अमेरिकेतली आहे, आणि ती सुरू होते हीटरपासून. तिथे ते बरोबरच आहे. हेजहॉगला साधारण २४ ते २९ अंश तापमान मानवतं. १८ च्या खाली गेलं की तो सुन्न होऊन पडतो, आणि आफ्रिकी जातीला ही थंडीची झोप झेपत नाही, जीवही जातो. पण आर्णीत मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो. ३२ च्या पुढेच या जिवाची तगमग सुरू होते. म्हणजे तिकडची यादी जशीच्या तशी उचलून घर लावलं तर पहिल्याच उन्हाळ्यात जनावर हातचं जाईल.

म्हणून आम्ही पिंजऱ्याआधी खोली बघायला सांगतो. तळमजल्यावरची, आतली, उत्तरेकडची, जाड भिंतीची. वर टिनं असतील तर ती खोली बाद. पिंजऱ्यात, तो बसतो त्या उंचीला, एक थर्मामीटर हवाच; आपल्या अंगाला काय वाटतं त्यावर जाऊ नका, आपल्याला ३५ म्हणजे गारवा वाटतो. कूलर खोलीत चालू द्या, पण झोत पिंजऱ्यावर नको आणि खिडकी उघडी ठेवा, नाहीतर ओल साठते. पावसाळ्यात कूलरचा उपयोग नाही, तेव्हा नुसता पंखा. आतमध्ये शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला की तो आपणहून त्यावर पोट टेकून पडतो. दुपारी वीज गेली तर पाण्याची गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या एका कडेला लावायची. एकाच कडेला, कारण त्याला नको असेल तर सरकायला जागा पाहिजे. तो हातपाय पसरून धापा टाकताना दिसला तर बर्फाचं पाणी ओतू नका. गार खोलीत न्या, साध्या पाण्यानं पाय-पोट ओलं करा आणि डॉक्टरांना फोन लावा.

स्पष्टच बोलायचं तर, ज्या घरात इन्व्हर्टर नाही आणि दुपारी सगळे शेतावर असतात, तिथे हा प्राणी आणू नये, असं आमचं मत आहे. हौस खरी असते, पण उन्हाळा त्याला काढायचा असतो.

थंडी त्या मानाने सोपी. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १०-१२ वर येतो, तेव्हा थर्मोस्टॅट लावलेला, उजेड न देणारा हीटर वापरायचा. पिवळा बल्ब नको. हा रात्रीचा प्राणी, उजेडात बाहेरच येत नाही. पोट गार लागलं, चाल डगमगली तर अंगाशी धरून हळूहळू ऊब द्यायची.

पिंजरा २ फूट बाय ४ फूट, गुळगुळीत भिंतींचा, बंद तळाचा. जाळीच्या तळात पाय अडकतो. एका पिंजऱ्यात एकच. जोडी लावली की करमेल, हा आपला समज; तो एकटा राहणारा आहे. लपायला एक खोपट, पाण्याची जड वाटी, आणि १२ इंचांचं सलग पृष्ठभागाचं चाक. रात्रभर ते फिरणार, आवाज होणार, तेव्हा झोपायच्या खोलीत ठेवायचं का ते तुमचं तुम्ही ठरवा. मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, आजीच्या दुधाच्या कपाटासारख्या.

अंथरायला काय? आपण कापसाच्या जिल्ह्यातले, हात आपोआप कापसाकडे जातो. तेच करू नका. सुटा तंतू पायाला गुंडाळला जातो, रक्त थांबतं, पाय गमवावा लागतो. धागे सुटलेलं फडकंही नको. सॉ मिलचा भुसा धुळीचा. देवदार-चीडच्या भुशाचा वास फुप्फुसाला बाधतो. शिवण पक्की असलेलं फ्लीसचं कापड सगळ्यात बरं, रोज झटकून दोन-तीन दिवसांनी धुतलेलं.

खाण्याचं मात्र नीट ऐका. कमी चरबीचं चांगलं मांजराचं खाद्य आणि जोडीला किडे. दूध नाही, कांदा-लसूण नाही, द्राक्षं-मनुका नाहीत. किडे म्हटल्यावर कुणी म्हणेल, शेतात काय कमी आहेत? पण २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो माणसांना विषबाधा झाली, कित्येक दगावली, हे आपल्याला कुणी बाहेरून सांगायला नको. ज्या औषधानं धडधाकट माणूस आडवा होतो, ते अंगावर घेतलेला किडा ४०० ग्रॅमच्या जिवाला घालायचा का? दिव्याखाली पडलेले किडेही रात्री शिवारातूनच येतात. किडे घ्यायचे ते खाद्यासाठी पाळलेले, नाहीतर घरीच डब्यात कोंड्यावर वाढवलेले मीलवर्म.

पिंजरा गोठ्यात ठेवू नका. हेजहॉगला लाळ-खुरकूत होऊ शकतो. अमेरिकेनं १९९१ मध्ये आफ्रिकेतून त्यांची आयात थांबवली ती याच भीतीनं. माणसाला त्याच्याकडून साल्मोनेला आणि गजकर्ण लागू शकतं, म्हणून हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे आणि त्याची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत घासायची नाहीत.

शेवटी डॉक्टर. आपल्याकडचे पशुवैद्य गाई-बैलांचे जाणते, पण हा प्राणी त्यांच्यापुढे क्वचितच येतो. आणण्याआधीच यवतमाळला कुणी बघतं का, नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात कुणाला भेटायचं, हे विचारून नंबर पिंजऱ्यावर चिकटवून ठेवा. उन्हाळ्यात नागपूरला न्यायची वेळ आलीच तर पहाटे चारला निघा, आणि खोक्याच्या एका कोपऱ्यात ती फडक्यातली गार बाटली ठेवायला विसरू नका.