विडी की बेडी?

मालेगावला आमच्या मोहल्ल्यात एक चाचा राहतात. ते कित्येक वर्षे यंत्रमागावर काम करीत होते. कारखान्यात सगळीकडे सुताचे बारीक तंतू उडत असतात. तेथे एक ठिणगी पडली तरी आग लागू शकते. म्हणून विडी ओढायची तर बाहेर जावे लागे. चाचा दर तासाला आपले माग शेजारच्या कामगाराच्या हवाली करून बाहेर जात. तेवढ्यात एखादा धागा तुटे, कापडात खोट राही आणि मालकाचे बोलणे ऐकावे लागे. कोणी समजावू लागले, तर चाचा हसून म्हणत, "अरे, मी काय विडीचा गुलाम आहे? मनात येते म्हणून ओढतो. मनात येईल तेव्हा सोडून देईन."

एकदा रमजानचे दिवस होते. मगरिबची अजान झाली. घरातील सर्वजण दस्तरखानाभोवती बसले होते. चाचांनी एक खजूर खाल्ला, घोटभर पाणी प्यायले आणि विडी-काडी घेऊन ते लगबगीने दाराकडे निघाले. त्यांच्या लहान नातवाने विचारले, "दादाजान, तुम्ही दिवसभर पाण्यावाचून राहिलात. मग आता विडीवाचून पाच मिनिटे का राहवत नाही?"

चाचा काही बोलले नाहीत. पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, नातवाच्या प्रश्नाचे उत्तर तंबाखूत आहे. तंबाखूमध्ये निकोटिन नावाचे द्रव्य असते. विडीचा किंवा सिगारेटचा धूर फुप्फुसात गेला, की हे निकोटिन रक्तात मिसळते आणि १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तेथे ते थोडा वेळ बरे वाटण्याची भावना निर्माण करते. मेंदूला त्याची सवय लागते. तास-दोन तासांत रक्तातील निकोटिन कमी होऊ लागते. मग माणूस बेचैन होतो, चिडतो. त्याचे कामात लक्ष लागत नाही. त्यावर उपाय म्हणून तो दुसरी विडी पेटवतो. त्याला वाटते, विडीने आपली बेचैनी घालवली. खरे पाहता ती बेचैनी आधीच्या विडीनेच आणलेली असते! जो दुखणे देतो, तोच औषध विकायला बसतो. असा हा सौदा आहे.

काही लोक म्हणतात, विडीत साधा पाला असतो, ती सिगारेटइतकी वाईट नाही. हा गैरसमज आहे. तेंदूचे पान सहज जळत नाही. विडी विझू नये म्हणून जोराने आणि पुन्हा पुन्हा झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे विषारी धूर अधिक प्रमाणात आत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तंबाखूमुळे जगात दरवर्षी ७० लाखांहून अधिक माणसे मरण पावतात. त्यांत स्वतः कधीही धूम्रपान न केलेली, केवळ दुसऱ्याच्या धुरात श्वास घेणारी माणसेही असतात.

तंबाखूची ही ओढ फार जुनी आहे. सन १६०४च्या सुमारास असद बेग नावाच्या सरदाराने विजापूरहून तंबाखू आणून अकबर बादशहापुढे ठेवला. अकबराने थोडेसे झुरके घेऊन पाहिले, पण तो त्याच्या नादी लागला नाही. दरबारी मात्र लागले. पुढे १६१७ मध्ये जहांगीर बादशहाने तंबाखू ओढण्यास मनाई केली. परंतु बादशहाच्या हुकमानेही तंबाखू गेला नाही. आपल्या देशातही २००३ साली कायदा झाला. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास आणि १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास बंदी आहे. असे कायदे हवेतच. पण मनाला लागलेली बेडी शेवटी ज्याची त्यालाच काढावी लागते.

चाचांनी ती कशी काढली, ते आता पाहू. दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी सांगितले, "सोडण्याचा एक दिवस ठरवा आणि सगळ्यांना सांगून ठेवा. सुरुवातीचे काही दिवस सर्वांत कठीण असतात. त्यानंतर दोन-चार आठवड्यांत त्रास हळूहळू कमी होतो. विडीची तीव्र इच्छा साधारणपणे काही मिनिटेच टिकते. तेवढा वेळ काढा. पाणी प्या, दीर्घ श्वास घ्या, दुसऱ्या कामात मन गुंतवा."

चाचांनी ईदचा दिवस ठरवला. उरलेल्या विड्या मोडून गटारात टाकल्या. खिशात बडीशेप ठेवली. चहाच्या हॉटेलातल्या मित्रांना सांगितले, "मला विडी देऊ नका. मी मागितली तरी देऊ नका." पहिले तीन-चार दिवस फार वाईट गेले. डोके दुखे, झोप येईना, घरच्यांवर उगाच राग निघे. जेवण झाले, की हात आपोआप खिशाकडे जाई. महिन्याभराने एका लग्नात त्यांनी कोणाच्या तरी आग्रहाला बळी पडून एक विडी ओढली. घरी येऊन त्यांनी ते लपवले नाही. "आज पाय घसरला. उद्यापासून पुन्हा चालू लागेन," असे म्हणून त्यांनी पुन्हा निश्चय केला. एकदा घसरलेला माणूस हरलेला नसतो. पुष्कळांना दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो.

धूम्रपान थांबताच शरीर स्वतःची दुरुस्ती सुरू करते. अवघ्या २० मिनिटांत हृदयाचे वाढलेले ठोके कमी होऊ लागतात. काही तासांतच रक्तातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू उतरू लागतो. काही महिन्यांत खोकला आणि दम कमी होतो. एका वर्षात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळजवळ निम्मा होतो. दहा वर्षांनी फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोकाही धूम्रपान चालू ठेवणाऱ्याच्या मानाने सुमारे निम्म्यावर येतो.

आता थोडा हिशेब करू. समजा, एक माणूस रोज २० विड्या ओढतो आणि एका विडीला ५ मिनिटे लागतात. म्हणजे दिवसाची १०० मिनिटे झाली. वर्षाची झाली ३६,५०० मिनिटे, म्हणजे सुमारे २५ दिवस! रोजचे २५ रुपये धरले, तर वर्षाचे ९,१२५ रुपये होतात. एवढ्या पैशांत मुलांची वह्या-पुस्तके, गणवेश आणि ईदचे कपडे सहज येतील.

पण चाचांना विचारले, तर ते पैशांची गोष्ट नंतर सांगतात. आधी म्हणतात, "रात्री वीज गेली, की मी अंधारात काडेपेटी शोधत नाही. एस.टी.ने नाशिकला जाताना गाडी कधी थांबते, याची वाट पाहत नाही. मशिदीत कोणाशेजारी बसताना तोंडाच्या वासाची लाज वाटत नाही. पूर्वी मी म्हणत असे, मनात येते म्हणून ओढतो. ते मन माझे नव्हतेच, विडीचे होते. आता मनात आले, तरी मी नाही म्हणू शकतो. माझ्या लेखी हेच स्वातंत्र्य!"

मित्रांनो, बहुतेक लोकांना ही सवय तरुणपणीच लागते. "एकदा ओढून तर बघ," असे कोणी म्हणाले, तर चाचांची आठवण करा. जी बेडी पायात पडलीच नाही, ती तोडावीही लागत नाही. तुमच्या घरी कोणी धूम्रपान करीत असेल, तर त्यांना टोचून बोलू नका. प्रेमाने सांगा. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांना सल्ला देण्यासाठी १८००-११-२३५६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. तो त्यांना लिहून द्या.

पुढच्या रमजानात मगरिबची अजान झाली. चाचांनी खजूर खाल्ला, पाणी प्यायले आणि नातवाच्या पेल्यात सरबत ओतले. नातू दाराकडे पाहत होता. चाचांनी विचारले, "काय पाहतोस रे?"

"काही नाही, दादाजान," असे म्हणून तो त्यांना आणखी बिलगून बसला.