मराठी रहस्यकथामाला

रहस्यकथामाला हा मराठी लोकप्रिय कादंबरीचा एक प्रकार आहे. एकच शोधनायक आणि त्याचे ठरावीक साहाय्यक पुस्तकामागून पुस्तकांत येतात व प्रत्येक वेळी नव्या गुन्ह्याची उकल करतात. विसाव्या शतकात या मालांनी मराठीत मोठा वाचकवर्ग मिळवला. बाबुराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर हे या प्रकारातील प्रमुख लेखक होत.

प्रमुख लेखक व नायक

बाबुराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांच्या नावावर एक हजाराहून अधिक रहस्यकथा आहेत. धनंजय हा त्यांचा गुप्तहेर व छोटू हा त्याचा साहाय्यक. झुंजार आणि काळा पहाड हे मात्र कायद्याबाहेर राहून दुर्जनांना शासन करणारे नायक होत. गुरुनाथ नाईक (मृत्यू २०२१) यांनीही विपुल लेखन केले. त्यांचा कॅप्टन दीप हा नायक विशेष गाजला. सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी अमर विश्वास हा वकील, तसेच मंदार पटवर्धन, फिरोज इराणी आणि दारा बुलंद हे नायक निर्माण केले. पुढे ते 'दुनियादारी'सारख्या सामाजिक कादंबऱ्यांकडेही वळले.

आकर्षणाची कारणे

मालेतील नायक पुढच्या पुस्तकात येणारच, हे वाचकाला ठाऊक असते. त्यामुळे तो वाचेल की नाही, ही खरी उत्कंठा नसते. तो संकटातून कसा सुटेल आणि गुन्हेगार कोण ठरेल, हा प्रश्न वाचकाला खेचून नेतो. ओळखीच्या माणसांचा दिलासा आणि अनोळखी संकटाची धास्ती अशी ही जोड असते. नायकाच्या सवयी, त्याचे घर, साहाय्यकाची थट्टा या गोष्टी प्रत्येक वेळी नव्याने सांगाव्या लागत नाहीत. कथा थेट गुन्ह्याला हात घालते. प्रकरण ऐन पेचावर तोडणे, खरा धागा किरकोळ तपशिलांत दडवणे आणि संशय एकाकडून दुसऱ्याकडे वळवणे ही या लेखनाची नेहमीची तंत्रे होत.

पोलिसांचे स्थान

अनेक भाषांत अशा मालांचा नायक स्वतः पोलीस अधिकारी असतो. जॉर्ज सिमेनाँ यांचा मेग्रे पॅरिस पोलिसांत आहे. इब्ने सफी यांच्या उर्दू मालेतील फरीदीही पोलीस खात्यातलाच. मराठीतील गाजलेल्या नायकांपैकी अनेक जण मात्र खात्याबाहेरचे आहेत. पोलिसांना पुरावा, परवानगी आणि वरिष्ठांचा हुकूम लागतो. झुंजारला यांपैकी कशाचेच बंधन नाही. म्हणून अशा कथेत इन्स्पेक्टर कधी नायकाचा मित्र, तर कधी त्याच्याच मागावर असलेला प्रतिस्पर्धी होतो. कायदा आणि न्याय यांत पडणारे अंतर नायकाने भरून काढावे, ही वाचकाची इच्छा येथे पुरी होते. पोलीस तपासालाच मध्यवर्ती स्थान देण्याचे काम मराठीत पुढे मुंबई दूरदर्शनवरील 'एक शून्य शून्य' या मालिकेने केले.

वाचकवर्ग

स्वस्त किंमत, खिशात मावणारा आकार आणि एका बैठकीत संपणारी लांबी यांमुळे ही पुस्तके प्रवासात व फावल्या वेळात वाचली गेली. एसटी स्थानकांवरील पुस्तकांची दुकाने, पुस्तके भाड्याने देणारी वाचनालये आणि सार्वजनिक ग्रंथालये हे त्यांच्या प्रसाराचे मार्ग होते. पुणे–नाशिक रस्त्यावरील मंचर किंवा नारायणगाव यांसारख्या बाजारपेठेच्या गावांत मोठे पुस्तकविक्रेते नसत. तेथील वाचकाला हेच मार्ग जवळचे होते. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने शासनमान्य ग्रंथालयांना अनुदानाची व्यवस्था मिळाली. शालेय पुस्तकांपलीकडचे वाचन अनेकांनी रहस्यकथेपासूनच सुरू केले.

समीक्षा व जतन

एकाच साच्याची कथानके, ढोबळ व्यक्तिरेखा आणि परभाषेतून उचललेल्या कल्पना असे आक्षेप या मालांवर घेतले गेले. मराठी समीक्षेने त्यांची दखल अल्प प्रमाणात घेतली. हलक्या कागदावर छापलेली ही पुस्तके हातोहात फिरून झिजत, आणि फाटकी प्रत ग्रंथालयाच्या नोंदवहीतून बाद होई. जी पुस्तके सर्वाधिक वाचली गेली, त्यांच्याच प्रती अशा रीतीने सर्वांत आधी नाहीशा झाल्या. त्यामुळे मराठी वाचनाचा इतिहास अभ्यासताना खाजगी संग्रहांत उरलेल्या प्रतींनाही साधन म्हणून महत्त्व येते.