पोलीस भरतीचं ग्राउंड: दम वाढतो, मग नडगी का दुखते?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की बारामती-इंदापूर भागात पहाटे पळणाऱ्यांची गर्दी वाढते. कुणी नीरा डाव्या कालव्याच्या कडेने, कुणी डांबरी रस्त्यावर, तर कुणी अकॅडमीच्या मैदानावर. दोन-तीन आठवड्यांत दम वाढतो आणि नेमकी तेव्हाच अनेकांची नडगी दुखायला लागते. असं का होतं?

पणाला काय लागतं?

शिपाई पदाची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावण्यासाठी २० गुण, तर १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांना प्रत्येकी १५ गुण. यात किमान ५० टक्के गुण मिळाले नाहीत, तर लेखी परीक्षेपर्यंत पोहोचताच येत नाही. ऐन वेळी पाय दुखावला, तर लेखीचा सगळा अभ्यास तसाच राहतो.

हाड मागे का राहतं?

सरावाने हृदय, फुप्फुसं आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. हाडाला मात्र वेळ लागतो. धावण्याचा ताण पडला की शरीर हाडाचा थकलेला भाग आधी काढून टाकतं आणि मग तिथे नवीन हाड भरतं. खोदकाम लवकर होतं, भरणी सावकाश. त्यामुळे मधले काही आठवडे हाड उलट नाजूक असतं. दम वाढला म्हणून याच काळात अंतरही वाढवलं, की हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. नव्याने भरती झालेल्या सैनिकांमध्ये हा त्रास १९व्या शतकापासून नोंदला गेला आहे.

किती वाढवलं तर जास्त?

२०२५ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या नोंदी तपासल्या. मागच्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एकाच दिवशी १० टक्क्यांहून जास्त अंतर धावलं, तर दुखापतीचा धोका वाढलेला दिसला. अंतर दुपटीहून जास्त झालं, तेव्हा धोकाही दुपटीहून अधिक झाला.

म्हणजे गेल्या महिन्यात तुम्ही जास्तीत जास्त ५ किलोमीटर धावला असाल, तर आज साडेपाचवर थांबा. लग्नसराईत किंवा पावसात महिनाभर सराव बुडाला असेल, तर जुना आकडा विसरा आणि कमी अंतरापासून पुन्हा सुरुवात करा.

ताटातही उत्तर आहे

अमेरिकी नौदलात भरती झालेल्या ५,२०१ तरुणींवरचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलेल्या गटात स्ट्रेस फ्रॅक्चर सुमारे २० टक्क्यांनी कमी झाले. पण म्हणून मनाने गोळ्या सुरू करू नका. दूध, दही, नाचणी आणि तीळ आपल्या घरात असतातच. वजन कमी करण्यासाठी उपाशी राहून पळणं मात्र धोक्याचं. सरावाच्या काळात मुलींची पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर पोटाला पुरेसं अन्न मिळत नसल्याची ती खूण असू शकते. तेव्हा डॉक्टरांना दाखवा.

कधी थांबायचं?

नडगीवर लांबवर ठणका असेल, तर काही दिवस अंतर कमी करा. दुखणं बोटाने दाखवता येईल इतक्या एकाच जागी असेल, चालताना किंवा रात्री झोपेतही जाणवत असेल, तर धावणं बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे जा. असं दुखणं वेदनाशामक गोळी घेऊन अंगावर काढलं, तर काही आठवड्यांची विश्रांती काही महिन्यांवर जाऊ शकते.